एडनाची उजवी खुर्ची

माझी बायको ग्लेनिस विमानातून उतरली ती कमरेवर हात ठेवूनच. धावपट्टीवर उभं राहून तिने जाहीर केलं, "क्लाइव्ह, ती खुर्ची दुरुस्त झाल्याशिवाय मी या डब्यात पाय ठेवणार नाही."

डबा म्हणजे एडना, माझं विमान. एक इंजिन, चार खुर्च्या, डोक्यावर पंख. वयाने माझ्याहून थोडीशीच लहान आणि तब्येतीने माझ्याहून बरी. आधीच्या मालकाने तिला आपल्या सासूचं नाव दिलं होतं. सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून दिलं की सुरू झाल्यावर ऐकण्यासारखं दुसरं काही उरत नाही म्हणून, ते त्याने विकताना सांगितलं नाही. मी भूगोलाचा मास्तर. तीस-पस्तीस वर्षं मुलांना नकाशावर नद्या दाखवल्या. निवृत्त झाल्यावर वाटलं की एकदा वरून खात्री करून घ्यावी. म्हणून एडना.

तर एडनाच्या उजव्या खुर्चीतली एक स्प्रिंग गादी फोडून वर आली होती. हवा शांत असली की ती नुसती असल्याची जाणीव देई. हवा हलली की ती ग्लेनिसला आयुष्यातल्या सगळ्या चुकांची आठवण करून देई, आणि त्यात पहिली चूक मी.

"एका दुपारचं काम आहे," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या थडग्यावर कोरायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आमच्या यारंबूल गावच्या फ्लाइंग क्लबात शनिवारी तव्यावर सॉसेज भाजतात, ते कांद्यासकट पावात गुंडाळतात आणि मग उरलेला दिवस एकाच विषयावर भांडतात: विमान जुनं चांगलं की नवं. हे भांडण माझ्या आधीपासून चालू आहे आणि माझ्यानंतरही चालू राहील. आजवर या भांडणामुळे एकाही माणसाचं मत बदललेलं नाही. दोन माणसांची लग्नं मात्र मोडली आहेत.

जुन्यांचा पुढारी मर्व्हिन. ऐंशी ओलांडली, सगळं आयुष्य गव्हावर औषध फवारण्यात गेलं, एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने ऐकायचं नसतं. त्याच्याकडे एकच खुर्ची असलेलं, कापडी अंगाचं विमान आहे. विमानाला पंख, इंजिन आणि लाज नसलेला माणूस एवढंच लागतं, बाकी सगळं फ्रीजचं सामान, असं त्याचं मत.

नव्यांचा पुढारी रोवन किटो, आमच्या गावचा दातांचा डॉक्टर. अख्ख्या गावाच्या दाढांतून त्याने जे विमान उभं केलं आहे ते पांढरंशुभ्र, गुळगुळीत, एकही खिळा नसलेलं. आत चामड्याच्या खुर्च्या, थंडगार हवा, दोन मोठे पडदे. आणि सगळ्यावर वरताण म्हणजे विमानालाच एक पॅराशूट. दांडी ओढली की अख्खं विमान छत्रीला लटकून खाली येतं.

"ज्याला उतरता येत नाही त्याला छत्री लागते," मर्व्हिन सॉसेज चावत म्हणाला.

"तुझा गुडघा कसा मोडला होता रे, मर्व्ह?" रोवनने गोड आवाजात विचारलं. दाताचे डॉक्टर इंजेक्शन देण्याआधी याच आवाजात बोलतात.

"झाड मधे आलं."

"झाड?"

"आधी नव्हतं तिथे."

या अशा सभेत मी गादीचा विषय काढला. काढायला नको होता. मर्व्हिन म्हणाला, गादी! आम्ही गव्हाच्या पोत्यावर बसून उडायचो, आणि उतरल्यावर तोच गहू दळायचो. रोवनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "क्लाइव्ह, विमान दातासारखं असतं. एका वयानंतर डागडुजी करायची नसते, काढून टाकायचं असतं." मी म्हणालो, मला फक्त एक स्प्रिंग दाबायची आहे. ते दोघंही एकदम हसले. त्या दोघांचं एकमत मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, आणि त्यात धोका होता हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी खुर्ची सोडवली आणि गावातल्या स्टाव्ह्रोकडे घेऊन गेलो. स्टाव्ह्रो सोफे शिवतो. त्याने खुर्चीवरून हात फिरवला, स्प्रिंग बोटाला लागल्यावर ग्रीकमध्ये काहीतरी बोलला आणि म्हणाला, "हिला राणीसारखी करतो." त्याच्याकडे गावच्या बंद पडलेल्या सिनेमागृहाचा पडदा होता. डाळिंबी मखमल, सोनेरी काठ. आठवड्याभराने खुर्ची आली तेव्हा ग्लेनिस तिच्यावर दिवाणखान्यात बसली आणि उठेचना. चहा तिथेच घेतला. मी मनात म्हटलं, बघा, दुपारचंच काम होतं.

खुर्ची परत बसवायची तर नोएलीनची सही लागते. नोएलीन आमच्या विमानतळाची इंजिनिअर. टॉर्च दातात धरून ती विमानात अर्धी घुसलेली असते आणि तिचं बोलणं पोटातून आल्यासारखं येतं. कुठे काही बिघडलेलं सापडलं की तिचा चेहरा इतका खुलतो, की मालकालाही क्षणभर आनंद वाटतो.

तिने मखमलीकडे बघितलं. टॉर्च तोंडातून काढला. "जळतं का?"

"काय?"

"कापड. पेटवलं की जळतं का?"

"मी पेटवून बघितलेलं नाही, नोएलीन. नवीन आहे."

"मग बघावं लागेल."

विमानातलं कापड पेटलं तरी आपणहून विझलं पाहिजे असा नियम आहे. सिनेमाच्या पडद्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. मेलबर्नच्या प्रयोगशाळेत तुकडा पाठवला. महिन्याने उत्तर आलं, की नमुना परत करण्याजोगा राहिलेला नाही, आणि ज्या टेबलावर चाचणी घेतली त्याबद्दल वेगळं कळवण्यात येईल.

शेवटी सरकारमान्य कापड मिळालं. राखाडी. हाताला भांडी घासायच्या काथ्यासारखं. स्टाव्ह्रोने ते शिवलं, पण मला दुकानाच्या मागच्या दाराने न्यायला लावलं. आपण हे शिवलं असं कोणाला कळू नये म्हणाला.

"झालं ना आता?" मी नोएलीनला विचारलं.

"खुर्ची झाली. पण खुर्ची बाहेर आहे तर ती ज्यांवर सरकते ते रूळ बघून घेऊ."

रुळांना बारीक चीर होती. ती तिने मला भिंगातून दाखवली. मला काही दिसलं नाही, पण आपल्याच विमानातली चीर दिसत नाही म्हणायची लाज वाटली म्हणून मी "अरेरे" म्हणालो. रूळ काढायचे तर गालिचा उचलावा लागतो. गालिचा उचलला, आणि खाली उंदरांची वसाहत निघाली.

आमच्याकडे चांगलं पीक आलं की उंदीर येतात. ते कोठारात येतात, बिछान्यात येतात, एका साली नगरपालिकेच्या बैठकीत आले होते. पण एडनाच्या पोटात त्यांनी जे बांधलं होतं त्याला घर म्हणणं हा अपमान झाला असता. तिथे बैठकीची खोली होती. बाळंतिणीची खोली होती. भिंतींना विमानातलाच कापूस, अंथरुणाला ग्लेनिसचा हरवलेला लोकरी मोजा आणि क्लबच्या नाताळच्या सोडतीची तिकिटं.

"तरीच," मर्व्हिन आत डोकावून म्हणाला. "तरीच मला कधी बक्षीस लागलं नाही."

रोवनने रुमाल नाकाला लावला. "माझ्या विमानात उंदीर शिरूच शकत नाही. फटच नाही."

"फटीचा प्रश्न नाही," मर्व्हिन म्हणाला. "उंदरालाही अभिरुची असते."

उंदरांनी जे खाल्लं होतं त्याचं एवढं दुःख नव्हतं. त्यांनी त्यानंतर जे केलं होतं त्याने शेपटाकडे जाणाऱ्या तारा गंजल्या होत्या. तारा बदलायच्या तर मागचं सगळं उघडायचं. मागचं उघडलं तेव्हा रेडिओची वायर सापडली जी कुठेच जात नव्हती, आणि एक पाना सापडला जो बहुधा एडनाच्या जन्मापासून आत होता. मी रोज हँगरमध्ये जायचो. रोज एडना थोडी कमी झालेली असायची. शेवटी एक दिवस असा आला, की दारात उभं राहून आरपार पलीकडचं गव्हाचं शिवार दिसलं.

शेजारीपाजारी मला दुकानात गाठून विचारू लागले, "कसं आहे आता?" आवाज खाली आणून, घरात आजारी माणूस असल्यासारखं. आमच्या पाद्रीसाहेबांनी तर हात हातात घेतला.

सामान परत आत गेल्यावर, झाकणं नुसती टेकवून, नोएलीनने चाकांखाली काटे ठेवून एडनाचं वजन केलं. एवढं सामान बदलल्यावर करावंच लागतं. आणि कळलं, की कागदोपत्री ती जेवढी होती त्यापेक्षा ती बरीच जड आहे.

"हे कसं शक्य आहे?" मी विचारलं. "उंदीर तर गेले!"

"रंगावर रंग. प्रत्येक मालकाने एक हात दिलाय." नोएलीनने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ती नजर मला ओळखीची वाटली. रुळांकडे तिने तसंच बघितलं होतं. "तुझं किती आहे?"

मी एक आकडा सांगितला. तो आकडा खरा होता, फक्त तो माझ्या लग्नातला होता. मर्व्हिन लगेच बाहेर जाऊन शेजारच्या शेडमधला लोकरीचे गठ्ठे मोजायचा काटा ओढत घेऊन आला. शनिवार होता, क्लब भरलेला होता. मी चढलो. काटा ज्या बाजूला गेला त्या बाजूला पूर्ण शांतता पसरली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "बूट काढून बघ." बूट काढले. "घड्याळ काढ." मी तिथून निघून आलो, एका हातात बूट आणि दुसऱ्यात माझी प्रतिष्ठा, आणि दोन्ही सारखीच झिजलेली.

इतके महिने गेले तेवढ्यात आणखी एक गोष्ट झाली. वैमानिकाला दर दोन वर्षांनी शिक्षकाला शेजारी बसवून उड्डाणाची परीक्षा द्यावी लागते. माझी मुदत संपली. मी सरकारी कार्यालयाला फोन केला. पलीकडून एक अतिशय सभ्य बाई बोलत होत्या.

"परीक्षा द्यायला विमान लागेल, सर."

"विमान उघडलेलं आहे."

"मग बंद करा, सर."

"दुसरं कोणाचं चालेल?"

"हो, चालेल ना. फक्त तुम्ही ते चालवायला शिकलेले हवेत."

रोवनचं विमान चालवायला मी शिकलेलो नव्हतो. मर्व्हिन उदार मनाने आपलं द्यायला तयार होता, पण त्यात खुर्ची एक. शिक्षक कुठे बसणार, असं मी विचारलं. मर्व्हिन म्हणाला, "तो खाली उभा राहून बघेल. तू पडलास तर नापास."

या सगळ्या काळात रोवनने ग्लेनिसला एका शनिवारी फिरवून आणलं. नुसतं फिरवून. ती परत आली तेव्हा तिचे केस जसेच्या तसे होते. एडनातून उतरल्यावर ते नेहमी पूर्वेला असायचे.

"कप ठेवायला जागा आहे, क्लाइव्ह," ती म्हणाली.

मी एडनाच्या उघड्या पोटाकडे बघितलं.

"आणि आपण एकमेकांशी बोलू शकतो. म्हणजे ओरडावं लागत नाही. रोवनचा मुलगा कुठल्या कॉलेजात आहे ते मला आज कळलं."

आमचा मुलगा कुठल्या कॉलेजात होता ते मला नक्की आठवेना, म्हणून मी हँगर झाडायला गेलो.

आता लॉर्ना. लॉर्ना ग्लेनिसची थोरली बहीण, माझी मेहुणी. बास सामुद्रधुनीतल्या एका बेटावर ती एकटी राहते, मेंढ्या पाळते आणि मला नापसंत करते. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिने ग्लेनिसला विचारलं होतं, "भूगोलाचा मास्तर? घरी यायचा रस्ता तरी सापडतो का त्याला?" दरवर्षी तिच्या वाढदिवसाला आम्ही एडना घेऊन समुद्र ओलांडून जायचो, तिच्या कुरणातल्या गवतावर उतरायचो, रोस्ट मटण आणि वर साय-फळं घातलेला पाव्हलोवा केक खायचो आणि उजेड असेपर्यंत निघायचो. यंदा तिची सत्तरी होती, आणि एडना अजून झाकणांवाचून उघडीच उभी.

"मी नेतो की दोघांना!" रोवन म्हणाला.

दोघांना. माझ्या बायकोच्या बहिणीच्या सत्तरीला मला एक दाताचा डॉक्टर नेणार, तेही मागच्या खुर्चीवर. मी नको म्हणणार होतो. पण ग्लेनिसने त्याआधीच केकचा डबा त्याच्या विमानात ठेवला होता.

आता जे सांगतो ते क्लबात कोणाला कळता कामा नये. ती मागची खुर्ची स्वर्ग होती. निळा समुद्र खाली बिनआवाज सरकत होता. पडद्यावर आमचं छोटंसं विमान रंगीत नकाशावरून चाललं होतं, आणि तो नकाशा, एका भूगोलाच्या मास्तरने सांगतो, निर्दोष होता. मी विमान तपासायचं म्हणून डोळे मिटले आणि उघडले तेव्हा आम्ही उतरलो होतो. माझ्या मांडीवर कोणीतरी चादर टाकली होती.

लॉर्नाच्या कुरणात मात्र उतरलो नव्हतो. रोवनच्या विमानाची चाकं पेस्ट्रीएवढी. गवतावर उतरलं तर विमा मिळत नाही. म्हणून बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या डांबरी विमानतळावर उतरलो आणि लॉर्ना आपली पिकअप गाडी घेऊन घ्यायला आली. मागे दोन कुत्रे आणि एक मेंढी होती. रोवनला पुढे बसवलं. मला अर्थातच मेंढीजवळ.

जेवण उत्तम झालं. दुपारी परत विमानतळावर आलो, रोवनने बटण दाबलं, आणि काही झालं नाही. म्हणजे पडदे लागले, थंड हवा लागली, कप ठेवायच्या जागेतला दिवासुद्धा लागला. इंजिनने मात्र नकार दिला. रोवनच्या इंजिनाला दोन मेंदू आहेत; एक चुकला तर दुसरा असावा म्हणून. उडण्यापूर्वी दोघांचं एकमत व्हावं लागतं. ते होत नव्हतं.

"म्हणजे आपल्या क्लबाच्या कार्यकारिणीसारखं," मी म्हणालो. मला असं म्हणायला नको होतं, पण इतक्या महिन्यांनी संधी मिळाली होती.

रोवनने कंपनीला फोन केला. रविवार होता. एका रेकॉर्ड केलेल्या बाईने त्याला सांगितलं की त्याचा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. "बंद करून चालू कर," ग्लेनिस म्हणाली. केलं. "दार आपट," लॉर्ना म्हणाली. तिच्या पिकअपला ते लागू पडायचं. रोवनने तिच्याकडे असं बघितलं, जसं कोणी त्याला दाढ पक्कडीऐवजी दोरीने काढायला सांगितली असावी.

"सकाळी माझ्याकडे रांग लागेल," तो कपाळ धरून म्हणाला. "मिसेस ट्रेगीयरच्या दाताचं मूळ अर्धं उघडून ठेवलंय मी!"

"आता उघडलंच आहे तर..." मी सुरुवात केली, पण ग्लेनिसने माझा पाय तुडवला.

संध्याकाळी लॉर्नाच्या घरी परत येऊन मी नोएलीनला फोन लावला. ती म्हणाली, "एडना आज दुपारीच बंद केली. एक चक्कर मारून बघायचीच होती. येते सकाळी."

आणि सकाळी ती आली. ढग खाली होते, पाऊस भुरभुरत होता, आणि त्यातून तो आवाज आला, कोणीतरी पत्र्याच्या बादलीत खिळे घालून हलवावेत तसा. मी आयुष्यात ऐकलेला सगळ्यात सुंदर आवाज. एडना लॉर्नाच्या कुरणात उतरली, दोनदा उडी मारली, मेंढ्या पांगवल्या आणि फाटकाशी थांबली. उजव्या बाजूला नवी राखाडी खुर्ची होती. माझे डोळे भरून आले.

"किती जण?" नोएलीनने खिडकीतून विचारलं.

"चार," मी म्हणालो.

"तीन," ती म्हणाली. "मला धरून."

पुन्हा वजनाचा हिशेब. गवत ओलं, कुरण आखूड, समुद्र ओलांडायचा म्हणून इंधनाची टाकी पूर्ण. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे.

"नोएलीन, तू राहा," मी म्हणालो. "मी चालवतो. विमान माझं आहे."

"तुझी परीक्षा झालेली नाही."

"मग रोवन राहील. त्याचं विमान इथे आहे."

"मिसेस ट्रेगीयर!" रोवन ओरडला.

ग्लेनिसने माझ्या कोटाची कॉलर नीट केली. लग्नाच्या इतक्या वर्षांत ती कॉलर नीट करते तेव्हा निकाल लागलेला असतो. "हे बघ, मंगळवारी माझा ग्रंथालयाचा दिवस आहे. रोवनचे पेशंट आहेत. नोएलीनकडे पेरणीच्या आधी सगळी फवारणीची विमानं उभी आहेत. तू... तू निवृत्त आहेस, क्लाइव्ह."

म्हणजे बिनकामाचा. आणि त्या सगळ्यांत जड.

मी माझ्याच विमानाचं दार माझ्याच बायकोसाठी उघडलं. दाताचा डॉक्टर मागे शिरला. एडनाचं छत पावसात गळतं; नेमकं कुठे गळतं ते मला माहीत आहे, आणि रोवन नेमका तिथे बसला. मी सांगणार होतो, पण इंजिन सुरू झालं होतं. नंतर कळलं, की समुद्रावर हवा फार हलली आणि त्याने आपलं जेवण आपल्याच महागड्या टोपीत परत केलं. ग्लेनिसला काही झालं नाही. खुर्ची टोचते का, हे विचारायला त्या वेळी मी तिथे नव्हतो. मी फाटकाशी मेंढ्यांमध्ये उभा होतो, आणि माझ्या डोक्यावरून माझं विमान जात होतं.

"चहा घेणार का?" लॉर्नाने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख मावत नव्हतं: तिला पाहुणा मिळाला होता, पण तो मी होतो.

पुढचे दिवस आम्ही दोघांनी रोवनच्या विमानाची चाकरी करण्यात घालवले. तो रोज फोन करायचा. समुद्रपक्षी त्या पांढऱ्या अंगावर जे टाकत होते ते लगेच, गोड्या पाण्याने, मऊ फडक्याने, वरून खाली पुसायचं होतं. लॉर्ना बादली घेऊन यायची. "मेंढीला एवढं जपत नाही मी," ती म्हणायची, पण पुसायची मात्र माझ्याहून चांगलं. मग आम्ही आत चामड्याच्या खुर्च्यांत बसून सँडविच खायचो, कारण बाहेर वारा असायचा. कप ठेवायच्या जागेत चहा असायचा.

एक दिवस तिने विचारलं, "काय रे, खरं सांग. हे चांगलं की तुझं ते पिंप?"

मी घसा साफ केला. हा प्रश्न मला कोणी सरळ विचारलाच नव्हता. क्लबात फक्त उत्तरं असतात. मी म्हणालो, जुन्याचं असं आहे, की ते बिघडतं तेव्हा काय बिघडलं ते दिसतं, आणि नोएलीन ते हातोड्याने सरळ करू शकते. नवं बिघडत नाही, पण बिघडलं तर आपण त्याच्याबाहेर बसून पक्ष्यांची घाण पुसतो. जुनं गवतावर उतरतं. नव्यात झोप लागते. जुन्यात मी काहीतरी करतोय असं वाटतं, नव्यात मी करायची गरज नाही असं वाटतं, आणि माझ्या वयाला दुसरं वाटणं फारसं सोसत नाही. पंखांच्या आकाराबद्दल सांगायला लागलो तेव्हा तिने हात वर केला.

"मला काय कळणार. मी कुठे बसले आहे?"

"म्हणजे?"

"या असल्या लहान विमानात. कधीच नाही."

"पण आम्ही दरवर्षी येतो, लॉर्ना!"

"येता. जेवता. जाता." तिने पावाची कड खिडकीबाहेर टाकली. "मी फाटकाशी उभी राहून हात हलवते. कोणी विचारलं नाही."

मी खुर्चीत हललो. ती खुर्ची इतकी चांगली होती, की हललेलं कळतही नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की या बाईला मी आवडत नाही. कदाचित आवडत नसेनच. पण मी तरी तिला मटण वाढणारी बाई यापलीकडे काय धरलं होतं?

"मी विचारतो," मी म्हणालो. "लॉर्ना, येता का एक चक्कर मारायला?"

"कशात?" ती म्हणाली. आणि मग ती हसली. मेहुणी हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. ग्लेनिससारखीच हसते, फक्त दात जास्त.

शुक्रवारी कंपनीचा माणूस रोवनसोबत आला, एक काडेपेटीएवढी डबी काढून दुसरी बसवली, दोन्ही मेंदूंचं एकमत झालं. रोवनने विमानाला एक प्रदक्षिणा घातली, पंखावर बोट फिरवून बघितलं आणि माझा हात हातात घेतला. "क्लाइव्ह, तुला सोडलं असतं घरी. पण ग्लेनिस म्हणाली, राहू दे त्याला, मी येते." कापसासारखं विमान उडालं आणि ढगात गेलं. मला ते सुंदर दिसलं हे मी मान्य करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एडना आली, नोएलीन आणि ग्लेनिसला घेऊन. आकाश स्वच्छ होतं. ग्लेनिस उतरली ती ताठ. ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "नोएलीन, आधी लॉर्नाला एक फेरी."

ग्लेनिसने बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिला काहीतरी एकदम उमगल्यासारखं झालं. "अगं, तू कधीच...?" तिने स्वतःचा स्कार्फ काढून लॉर्नाच्या डोक्याला बांधला.

एडना गवतावरून उसळत गेली. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. वर जाऊन ती वळली, लॉर्नाच्या घरावरून गेली, किनाऱ्यावरून गेली, परत घरावरून आली आणि बराच वेळ तिथेच घिरट्या घालत राहिली. ग्लेनिसने माझा हात धरला होता. "केवढी खूश असेल," ती म्हणाली.

लॉर्ना उतरली ती लाल झालेल्या चेहऱ्याने. स्कार्फ मानेत आला होता. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कसं वाटलं?" मी विचारलं. मी भावनेने थोडा पुढे झुकलो होतो.

"छप्पर गंजलंय," ती म्हणाली.

"काय?"

"घराचं. मागची बाजू पूर्ण. खालून दिसतच नाही! चुलीच्या वर तर भोक पडायचंच बाकी आहे, आणि थंडी तोंडावर." ती ग्लेनिसकडे वळली. "याला काही काम आहे का पुढच्या आठवड्यात?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "परीक्षा व्हायचीय, विमान काही चालवता येत नाही. घरी येऊन करणार काय?"

दोघी बहिणींनी मिळून माझी कॉलर नीट केली.

तर सध्या मी छपरावर आहे. तारेच्या ब्रशने गंज घासायचा, मग लाल रंगाचा हात द्यायचा. पहिल्या दिवशी घाबरत बसलो होतो. आता सवय झाली. लॉर्ना शिडी धरते, सूचना करते, आणि काल चहा घेऊन स्वतःच वर आली. छपराच्या शेंड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसली. समोर कुरण होतं, त्यापलीकडे वाळू, त्यापलीकडे समुद्र आणि त्यातली लहान लहान बेटं, ज्यांची सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. तिने मला एकेकाचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने दोन चुका काढल्या.

मग कितीतरी वेळ ती तशीच बघत बसली.

"इथूनही बरंच दिसतं की रे," ती म्हणाली.

"दिसतं."

"मग तुम्ही लोक एवढं सगळं कशाला करता?"

मी विचार केला. क्लबात कोणाला तरी विचारावं लागेल. ब्रश रंगात बुडवला आणि चुलीच्या वरच्या बाजूला लागलो.